मला साबण लागला तो दिवस

मित्रांनो, आधी नाक धरा आणि मग पुढे वाचा. मी एक जुना केशरी जार आहे. लग्नाच्या मांडवात किंवा शाळेच्या गॅदरिंगला थंड पाण्याचा जाडजूड जार ठेवतात ना, तसाच. वर पिळाचं झाकण, पुढे पांढरी तोटी, उचलायला दोन बाजूंना दोन कान. पोटात चाळीस लिटर पाणी मावतं. स्वभावाने मी पहिल्यापासून नकचढा आहे. पाण्याशिवाय दुसरं काही पोटात गेलेलं मला खपत नाही. आणि माझ्याच पोटात काय काय गेलं ते आठवलं की आजही मळमळतं. तरी सांगतो, कारण सांगितल्याशिवाय ही मळमळ जायची नाही.

जन्माचं फार कौतुक सांगत बसत नाही. प्लास्टिकचे दाणे वितळवून साच्यात ओतले, दोन भिंतींच्या मधे फेस भरला, तो फुगून घट्ट झाला आणि मी झालो. त्या मधल्या थरामुळे बाहेर अंगाची लाही लाही होत असली तरी माझ्यातलं पाणी संध्याकाळपर्यंत गार राहतं. जहाजातून आखातातल्या दम्माम बंदरात उतरलो आणि ट्रकमधून जुबैलला आलो. जुबैल म्हणजे कारखान्यांचं शहर. जिकडे पाहाल तिकडे पाइप, टाक्या आणि धुराडी. तिथल्या एका कंत्राटदाराच्या साइटवर मला ठेवलं, आणि मी शाहिदभाईंच्या हाती पडलो.

शाहिदभाई दाभोळच्या खाडीकाठचे. घरी बायको रुकय्या आणि म्हातारी आई. इथे चार वर्षं हेल्पर म्हणून राबले. गुडघा दुखावल्यावर पाइप उचलायचं काम झेपेना, म्हणून त्यांना पाण्याचं काम दिलं. त्यांच्या टोळीत अकरा माणसं होती. कुणी आपल्याकडचे, कुणी बिहारचे, दोघे बांगलादेशी, एक नेपाळी. त्या अकरा जणांना दिवसभर पाणी पाजायचं, एवढंच काम. लोक म्हणायचे, शाहिदभाईंना बसून खायची नोकरी मिळाली. पण जुबैलच्या उन्हाळ्यात माणूस तासभर पाण्यावाचून राहिला तर काय होतं, ते शाहिदभाईंना ठाऊक होतं. ते या कामाला हलकं समजत नसत.

माझी निगा कशी राखायचे म्हणता! संध्याकाळी कॅम्पवर आलं की स्वतः आंघोळ करायच्या आधी मला आंघोळ घालायचे. गरम पाणी, लिंबाची साल, चिमूटभर मीठ. झाकणाच्या आतला रबर काढून वेगळा चोळायचे. तोटीचे दोन तुकडे करून दात घासायच्या ब्रशने आतून घासायचे. मग मला लाकडाच्या फळीवर पालथा घालायचे. सकाळी पाणी भरताना बिस्मिल्ला म्हणायचे, आणि पहिला पेला तोटीतून वाळूत सोडायचे. रात्रभर तोटीत काही राहिलं असेल तर ते कुणाच्या पोटात जाऊ नये, म्हणून. मग सगळ्यांना पाणी द्यायचे आणि स्वतः शेवटी प्यायचे. पाणी वाटणाऱ्याने शेवटी प्यावं, असं त्यांच्या वडिलांनी शिकवलं होतं. ते वडील दाभोळच्या जेटीवर होडीतल्या माणसांना पाणी देत असत.

साइटवर सुफियानसाहेब नावाचे सुरक्षा अधिकारी होते, हैदराबादचे, फार कडक. हेल्मेटचा पट्टा सैल दिसला तरी दंडाचा कागद फाडायचे. तेसुद्धा माझ्यापुढे उभं राहून दोन पेले प्यायचे आणि म्हणायचे, "पानी पीना तो शाहिदभाई के हाथ का." मी फुगून जायचो. अहो, जार झालो म्हणून काय झालं, कौतुक कुणाला आवडत नाही?

मी फळीवर पालथा पडलेला असताना शाहिदभाई शेजारी बसून घरी फोन लावायचे. त्या वर्षी त्यांचं एकच बोलणं चालू होतं. "रुकय्या, नोव्हेंबरात हवा चांगली होते. तू ये. दोघं मिळून मक्केला उमरा करू. अकरा वर्षं मी इथे आहे आणि तू मक्का फोटोतच बघितलीस." पलीकडून रुकय्या काय म्हणायची ते मला ऐकू येत नसे, पण शाहिदभाई हसायचे. व्हिसाची कागदपत्रं दिली होती. तिच्या येण्याला नऊ महिने उरले होते.

मग साइटवर नवे स्टीलचे जार आले. चकचकीत, उंच, माझ्यापेक्षा मोठे. मला स्टोअरमध्ये फाटक्या हातमोज्यांच्या ढिगात ढकललं. तिथे महिनाभर धूळ खात पडलो. मला वाटलं, यापेक्षा वाईट दिवस येणार नाहीत. पण आगीतून उठून फुफाट्यात पडणं म्हणजे काय, ते मला लवकरच कळलं.

शाहिदभाईंच्या शेजारच्या खोलीत भिकू राहायचा. वेंगुर्ल्याकडचा, त्याच टोळीतला पाइप फिटर, हाताला चांगला. तो आणि शाहिदभाई अकरा वर्षांपूर्वी एकाच विमानाने आले, एकाच दिवशी दोघांना इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना मिळाला. दोघांनी एकमेकांची आजारपणं काढली. भिकूची मुलगी किशोरी फोनवर शाहिदभाईंना चाचा म्हणायची. एक दिवस भिकू म्हणाला, "शाहिदभाय, तो जुनो जार स्टोअरात पडलो हा. खोलयेत पाण्याक होयो होतो." शाहिदभाईंनी स्टोअरवाल्याला सांगून मला सोडवलं, धुऊन पुसून स्वतःच्या हाताने भिकूच्या खोलीत नेऊन ठेवलं. मी खूश झालो. पुन्हा पाणी भरणार, पुन्हा माणसं पिणार, असं मला वाटलं.

मित्रांनो, या देशात दारूला बंदी आहे. विकायची नाही, प्यायची नाही, घरी बनवायची तर नाहीच नाही. सापडला तर तुरुंग आणि मग घरी रवानगी. हे भिकूला माहीत नव्हतं असं नाही. पण त्याला बिअर करायची हौस आली होती.

दुकानात जवाचं एक पेय मिळतं, बिअरसारखं दिसणारं पण दारू नसलेलं. त्याच्या बाटल्या भिकूने एकामागून एक माझ्या पोटात रिकाम्या केल्या. मग साखर ओतली. साखर तरी किती ओतावी माणसाने! मग बिया काढलेले खजूर हाताने कुस्करून टाकले. हात धुतले होते का, ते विचारू नका. वरून पाव फुगवायचं यीस्ट टाकलं आणि उलथन्याने ढवळलं. त्या उलथन्याला सकाळच्या अंड्याचं चिकटलं होतं. शी! मला पाठ असती तर मी पाठ फिरवली असती.

तीन दिवस काहीच झालं नाही. खोलीतला एसी बर्फासारखा चालू, यीस्टला ऊब कुठून मिळणार? त्या खोलीत दुसरा होता चंदन, कऱ्हाडकडचा, वेल्डर, वयाने लहान. तो म्हणाला, "दादा, थंडीनं झोपलंय ते." मग त्यांनी मला घोंगडीत गुंडाळलं आणि खाटेखाली सरकवलं. तिथे भिकूचे मोजे होते. मोज्यांचा वास आणि माझ्या पोटातला वास, कुठला जास्त वाईट ते मला ठरवता येईना.

ऊब मिळताच पोटात गुडगुड सुरू झाली. झाकण गच्च बंद. आत वायू साठतोय, बाहेर जायला वाट नाही, आणि या दोघांना पत्ता नाही. पाचव्या दिवशी जेवणाच्या वेळी माझं झाकण उडालं ते खाटेच्या फळीवर आपटलं, आणि फेस, खजुराचा चोथा, सगळं भसाभसा बाहेर. चंदनच्या चादरीवर, त्याच्या डब्यात, भिंतीवर. चंदन डबा हातात धरून बघत बसला. मग त्याने चिकट वरण बाजूला सारून भात खाल्ला. माणसाला भूक लागली की काय सुचतं आणि काय सुचत नाही, देव जाणे.

पुढे त्यांनी झाकणाला भोक पाडून सलाइनची नळी बसवली आणि तिचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत सोडलं. म्हणजे वायू बाहेर जाईल आणि हवा आत येणार नाही. माझ्या झाकणाला भोक! शाहिदभाईंनी ज्या झाकणाला कधी ओरखडा पडू दिला नाही, त्या झाकणाला. नळी काढली की त्या भोकात भिकू मेण भरायचा.

पहिली खेप दोघांनी प्यायली आणि तोंडं वाकडी करत म्हणाले, बरी आहे. मला वाटलं, आता तरी मला धुतील. चंदनने साबण आणलाही होता. भिकूने त्याचा हात धरला.

"माडीचा भांडा कोण साबणान धुता रे?" तो म्हणाला. "माझ्या आज्यान आख्खो जल्म माडी काढली. बुडातलो गाळ म्हणजे इरजाण. तो गेलो काय सगळा गेला."

आता बघा, इरजाण म्हणजे विरजण, आणि भिकू जातीचा भंडारी, त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या माडावर चढून माडी काढलेली. माडीच्या मडक्याला साबण लावत नाहीत, हे त्याने लहानपणापासून पाहिलं होतं. माडी सकाळी काढायची आणि संध्याकाळपर्यंत संपवायची, तिथे ते चालतं. इथे महिना महिना तेच पाणी मुरत ठेवायचं आणि खाली मागच्या खेपेचा गाळ, त्याच्या खाली त्याच्या मागच्या खेपेचा. पण भिकूला शहाणपण कोण शिकवणार? त्याच्या डोक्यात त्याचा आजा बसलेला.

दुसऱ्या खेपेला आंबूस वास आला. तिसऱ्या खेपेला वर पांढरी साय धरली, सुरकुतलेली, बोट लावलं की दोरी ओढल्यासारखी लांबणारी. चौथ्या खेपेला तर सडक्या अंड्याचा वास. खोलीभर चिलटं. ती माझ्या तोटीत शिरून मरायची आणि तिथेच राहायची. माझ्या आतल्या भिंतीला बुळबुळीत थर चढला, रबराच्या खाचेत काळं काहीतरी वाढू लागलं. प्यायल्यावर चंदन सकाळभर संडासात बसायचा. तरी भिकू म्हणायचा, "पुढची जमतली." पाच महिने हा प्रकार चालला. पाच महिने माझ्या अंगाला साबण नाही. शेजारच्या खोलीतून संध्याकाळी स्टीलच्या जारवर ब्रश घासल्याचा आवाज यायचा आणि मला रडू यायचं. जारला रडू येत नाही म्हणता? तुम्ही पाच महिने आंघोळीशिवाय राहून बघा.

शाहिदभाई त्या खोलीत कधी येत नसत. भिकूच दारात उभा राहून बोलायचा. त्यांना वाटायचं, चंदन झोपलेला असेल.

ऑगस्टमधली एक पहाट. उन्हाळ्यात साइटचं काम लवकर सुरू होतं, दुपारी बारा ते तीन उन्हात काम बंद असतं. चार वाजता शाहिदभाईंनी दार वाजवलं. स्टीलचा जार पिकअपमधून पडून त्याची तोटी तुटली होती, आणि स्टोअर उघडायला वेळ होता.

"भिकू, तुझ्याकडचा केशरी जार दे. आजच्या दिवसापुरता."

माझ्या पोटात तेव्हा पाचवी खेप होती, अर्धी मुरलेली. भिकूचा चेहरा उतरला. खरं सांगता येईना, नाही म्हणता येईना. "पाच मिनिटां थांब, पाणी भरलेला हा, रिकामो करून देतंय," असं म्हणून त्याने दार लावलं. झाकणाची नळी उपटून भोकात मेण दाबलं आणि न्हाणीघरात नेऊन मला उलटा केला. सगळी घाण मोरीत. दोनदा पाणी फिरवलं. वास जाईना. मग त्याने काय करावं? टूथपेस्टची नळी पिळली आणि बोटाने माझ्या आत सारवली! वर पुन्हा पाणी. साबण शेजारीच होता, पण साबणाला वेळ लागतो आणि बाहेर पिकअपवाला हॉर्न वाजवत होता. तोटी त्याने उघडूनसुद्धा बघितली नाही.

शाहिदभाईंनी मला हातात घेतलं, नाक जवळ आणलं. "पुदिन्याचा वास येतोय रे."

"काल लिंबू-पुदिना घालून प्यालंव," भिकू म्हणाला.

शाहिदभाईंनी मान हलवली. अकरा वर्षांच्या मित्रावर कोण संशय घेतो?

साइटवर त्यांनी मला विसळलं, बर्फ घातला, बिस्मिल्ला म्हणून पाणी भरलं आणि पाइपच्या रॅकखाली, म्हणजे पाइपांच्या उंच लोखंडी मचाणाखाली, टेबलावर ठेवलं. पिकअप निघून गेली. ती बाराला परत यायची होती. सहा वाजता ऊन चढायला लागलं आणि पहिला बांगलादेशी पाण्याला आला. शाहिदभाईंनी नेहमीसारखा पहिला पेला तोटीतून सोडला. वाळूत नाही, पेल्यात सोडला, कारण पाणी गढूळ दिसलं. पेल्यात तपकिरी गाळ आला आणि त्याबरोबर दोन मेलेली चिलटं. त्यांनी वास घेतला. कोकणातल्या माणसाला आंबलेल्याचा वास सांगावा लागत नाही. त्यांनी माझं झाकण उघडून आत नाक घातलं, आणि मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. सात वर्षं त्या माणसाने मला लेकरासारखं धुतलं होतं.

भिकू वरती रॅकवर पाना घेऊन उभा होता. शाहिदभाईंनी मान वर करून त्याच्याकडे बघितलं. भिकूने बघितलं आणि नट आवळायला खाली वाकला.

त्या अकरा जणांत पाच जण नमाजी होते. त्यांना दारूच्या भांड्यातलं पाणी न सांगता पाजायचं, हे शाहिदभाईंना मरेपर्यंत जमलं नसतं. आणि सांगायचं तर का, कशाने, कुणाच्या खोलीतला जार, सगळंच निघालं असतं. त्यांनी मला दोन्ही कानांना धरून आडवा केला. चाळीस लिटर पाणी, बर्फासकट, वाळूत गेलं. "तोटी गळते," ते मोठ्याने म्हणाले. "तुम्ही काम करा, मी पाणी आणतो."

ऑफिसजवळच्या टाकीपर्यंत जायला दहा मिनिटं, यायला दहा मिनिटं. त्यांच्याकडे पाच पाच लिटरचे दोन कॅन होते. दुखऱ्या गुडघ्याने ते चालत गेले, भरून आणलं, सगळ्यांना दिलं. कॅन रिकामे. पुन्हा गेले. उन्हात माणूस पाणी नुसतं ओढून घेतो. दहा लिटर म्हणजे अकरा जणांना काय पुरणार? शेवटी प्यायचं म्हणणाऱ्या माणसाच्या वाट्याला दरवेळी तळाचा घोटभर उरायचा, कधी तोही नाही. टाकीजवळ थांबून चार घोट घेतले असते तर काय बिघडलं असतं? मला त्यांचासुद्धा राग आला. पण तिकडे माणसं वाट बघतायत हे मनात असलं की शाहिदभाईंच्या घशाखाली पाणी उतरत नसे. मी वाळूत आडवा, रिकामा, तोंड वासून पडलेलो. पाण्याचं भांडं मी, आणि माझ्यासमोरून तो माणूस खेपा घालतोय. अशा वेळी स्वतःचीच जी किळस येते ना, तिच्यापुढे सडक्या अंड्याचा वास काहीच नाही.

आठव्या खेपेला ते लंगडायला लागले. दहाव्या खेपेला त्यांच्या अंगावर घाम नव्हता. अकराच्या सुमाराला कॅन टेबलावर ठेवता ठेवता ते माझ्या शेजारी कोसळले. रॅकवरून पहिला उतरला तो भिकू. कॅनमधलं पाणी त्याने त्यांच्या डोक्यावर ओतलं, हेल्मेटने वारा घातला, "शाहिदभाय, शाहिदभाय" करत राहिला. रुग्णवाहिका आली आणि त्यांना घेऊन गेली.

आता लक्ष देऊन वाचा मित्रांनो. दुपारच्या सुट्टीत भिकू मला कॅम्पवर घेऊन गेला. त्याने साबण घेतला. गरम पाणी घेतलं. तोटीचे दोन तुकडे केले, रबर काढला, ब्रश घेतला आणि मला घासायला बसला. ब्लीच टाकलं, पुन्हा घासलं. काळं गेलं, बुळबुळीत गेलं, खाचेतलं शेवटचं चिलटसुद्धा निघालं. पाच महिने ज्या साबणासाठी मी झुरलो तो मला त्या दिवशी लागला. आणि तो अंगाला लागत असताना मला कळत होतं, की हा मला स्वच्छ करत नाहीये, स्वतःला लपवतोय. माझ्या पोटातला तो वास एवढाच शाहिदभाईंचा साक्षीदार होता. भिकूने तो चोळून चोळून मोरीत घालवला.

चंदन दारात उभा होता. म्हणाला, "दादा, सांगून टाकूया."

"सांगून काय होतला?" भिकू मान वर न करता म्हणाला. "तूय जातलंस, मीय जातलंय."

चंदन आत जाऊन झोपला. त्यानेही तोंड उघडलं नाही.

पाच दिवसांनी शाहिदभाई हॉस्पिटलमधून आले. अंगात जीव नव्हता, ओठ फाटलेले. साइट ऑफिसात चौकशी झाली. मला टेबलावर ठेवलं होतं. सुफियानसाहेबांनी झाकण उघडून वास घेतला, तोटी उघडून बोट फिरवलं. "जार तो बिलकुल साफ है, शाहिदभाई. फिर पानी क्यों गिराया? ग्यारह आदमी को इस धूप में बगैर पानी के रखा."

शाहिदभाईंनी दाराशी उभ्या असलेल्या भिकूकडे पाहिलं. "जार भिकू के कमरे से लाया था, साब," ते म्हणाले. "उसको पूछो, कैसा था."

बस, एवढंच. त्यांनी त्याला पकडून दिलं नाही. बोलायला जागा करून दिली.

भिकू म्हणाला, "अच्छा था साब. हम लोग रोज उसी का पानी पीते थे."

शाहिदभाईंनी नजर माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "मेरे हाथ से गिर गया, साब. गलती मेरी है."

चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय? सुफियानसाहेबांनी कागद लिहिला. त्यांचाही इलाज नव्हता, उन्हाळ्यात पाण्याची हयगय म्हणजे सगळ्यात मोठा गुन्हा. वरून हुकूम आला, फायनल एक्झिट. म्हणजे कायमचं घरी जा, या नोकरीवर परत नाही.

ऑफिसच्या पायरीवर भिकू त्यांच्या मागे गेला. दार उघडं होतं, मला ऐकू आलं. "शाहिदभाय, माझा किशोरी यंदा बारावीक आसा. माका..."

"मी तुला काही विचारलं का?" शाहिदभाई म्हणाले. "ती मला चाचा म्हणते. तिच्यासाठी खोटं बोललो. तुझ्यासाठी नाही." आणि गुडघा सावरत पायरी उतरले.

कुठे नोव्हेंबर आणि कुठे सप्टेंबरचा पहिला आठवडा. त्यांनी घरी फोन लावला तेव्हा चंदन तिथेच होता. त्याने खोलीत येऊन सांगितलं. शाहिदभाई फोनवर एवढंच म्हणाले, "रुकय्या, तू येऊ नकोस. मीच येतोय." फोन ठेवून त्यांनी बॅग भरली.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. मी परत साइटवर आहे. पाण्याचं काम आता नेपाळी करतो. पण रोज संध्याकाळी भिकू येतो आणि मला धुतो. कुणी सांगितलेलं नाही, स्वतः येतो. लिंबू, मीठ, गरम पाणी, अगदी शाहिदभाईंसारखं. बिअर करणं त्याने सोडलं, पिणंही सोडलं. खोलीतले लोक म्हणतात, मित्र गेल्यापासून माणूस सुधारला. सुफियानसाहेबही एकदा त्याची पाठ थोपटून गेले. तेव्हा भिकू माझी तोटी घासत राहिला.

मला मात्र त्याचा हात अंगाला लागला की शिसारी येते. खोटं कशाला बोलू? आंबलेल्या पाण्याची किळस मी कधीच विसरलो असतो, घाण काय, धुतली की जाते. त्याचा आजा, त्याचं इरजाण, त्याची हौस, सगळं मी हसून सांगितलं असतं तुम्हाला. पण सुफियानसाहेब विचारत होते, दार उघडं होतं, आणि एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य अजूनही त्याच्या तोंडून निघालेलं नाही. रोज तो माझ्यावर वाकतो, घासतो, आणि रोज गप्प राहतो. दाभोळला एक माणूस पाण्याच्या कामात हलगर्जी ठरून घरी बसलाय, आणि गावात त्याच्या पाठीमागे लोक कुजबुजतात, असं चंदन सांगत होता.

मित्रांनो, तुमच्या घरातली भांडी घासा, पाण्याची तर रोज घासा. रबर काढून घासा, तोटी उघडून घासा. साबणाची कंजुषी करू नका. पण तुमच्या हातून एखादं भांडं घाण झालं आणि त्याचा आळ दुसऱ्या कुणावर येत असेल, तर साबणाला हात लावायच्या आधी चार माणसांत सांगा, की त्यात काय होतं आणि ते कुणी घातलं होतं. मग धुवा.